गाडीची उंची आणि काळी माती

१

गेल्या मृगाच्या सुमारास आमचे एक माजी विद्यार्थी लातुराहून नांदेडास आम्हांस भेटावयास आले. त्यांनीं नुकतीच चारही चाकांस जोर पोंचविणारी एक जीपवजा मोटार घेतली आहे. नोकरींतून सवड काढून आई, पत्नी व दोन मुलें यांसह माहूर, किनवट, सहस्रकुंडाचा धबधबा, आणि परततांना कंधार व उदगीर असा प्रवास करावयाचा, व पुढें दरवर्षीं असाच एखादा मुलूख पाहावयाचा, असा त्यांचा संकल्प आहे. संकल्प उत्तमच. परंतु निघण्यापूर्वीं गाडी चार इंच उंच करून घ्यावी, कीं दोन इंच, कीं मुळींच करूं नये, या विवंचनेंत ते होते. मित्रमंडळींत चार इंचांचा पक्ष प्रबळ होता. कारागिराचें म्हणणें असें कीं, 'जेवढी सांगाल तेवढी उचलून देतों.' "सर, आपण इतिहास शिकवितां, याचें उत्तर आपण द्यावें असा आग्रह नाहीं, पण आपल्या कानांवर घातल्यावांचून कांहीं करवत नाहीं," असें ते हंसून म्हणाले.

आम्हीही हंसलों, व चहा घेऊन ते परत गेले. पण प्रश्न मात्र घरांतच राहिला. विचार करतां करतां आमच्या ध्यानांत आलें कीं, हा प्रश्न मोटारीबरोबर आलेला नव्हे. गाडीचा आंस जमिनीपासून किती वर असावा, ओझें आंसाच्या किती वर असावें, आणि तें कोणत्या महिन्यांत हलवावें, हें या मुलखांतील माणूस निदान दोन हजार वर्षें ठरवीत आला आहे. त्यानें दिलेलीं उत्तरें सुताराच्या कामठ्यांत, सैन्याच्या कूचांत आणि आगगाडीच्या रुळांत विखुरलेलीं आहेत. तीं एकत्र मांडलीं तर आमच्या या मित्रांच्या दोन-चार इंचांचा निकाल लागण्यास कांहीं मदत होईल, अशा समजुतीनें हा लेख लिहीत आहों.

२

नांदेड व लातूर हे जिल्हे म्हणजे गोदावरी, मांजरा, मन्याड व तेरणा या नद्यांचा आणि बालाघाटाच्या उतरणींचा प्रदेश. प्राचीन ज्वालामुखींच्या रसापासून झालेला काळा दगड येथें झिजून काळी माती झाली. या मातीचा स्वभाव सर्वांच्या परिचयाचा आहे. उन्हाळ्यांत तिला हातभर खोल भेगा पडतात. पाऊस पडला कीं तीच माती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात, आणि वर लोण्यासारखा चिकट थर तयार होतो. मातींतील माँटमोरिलोनाइट नांवाच्या खनिजाचा हा गुण आहे, असें भूशास्त्रज्ञ सांगतात. शेतकऱ्याला खनिजाचें नांव ठाऊक नसलें तरी गुण पक्का ठाऊक आहे. पावसाळ्यांत रानांत जातांना तो फटफटीच्या पुढच्या चाकावरील पत्रा काढून ठेवतो. कारण चाक व पत्रा यांच्यामध्यें चिखल एकदां गच्च बसला कीं चाक फिरतच नाहीं.

आपल्या पूर्वजांनीं गांवच्या जमिनीचे दोन भाग मानले: काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. राहणें पांढरींत आणि पोट काळींत. म्हणून या दोहोंना जोडणारी वाट हीच गाडीची खरी कसोटी होय. ही वाट कोणी बांधीत नसे. गाड्याच ती पाडीत असत. एका गाडीमागून दुसरी गेली कीं जमिनींत दोन समांतर चर पडतात व मध्यें उंच वरंबा राहतो. त्या चरांना आपण चाकोरी म्हणतों. ठराविक रीतीच्या आयुष्याला हाच शब्द लावतांना तो चिखलांतून आला आहे, याचें स्मरण आपणांस क्वचित् राहतें. चाकोरी ओली असतां चाकें खालीं जातात व आंस मधल्या वरंब्याकडे उतरूं लागतो. ज्या क्षणीं आंस वरंब्यावर टेकला त्या क्षणीं गाडीचें ओझें चाकांवरून उतरून मातीवर बसतें. मग बैल कितीही भले असोत, गाडी जागची हलत नाहीं.

अशा वाटांनीं या प्रदेशाचा माल किती दूर जात असे याची साक्ष एका परकीयानें दिली आहे. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें 'पेरिप्लस' नांवाचें प्रवासपर पुस्तक लिहिलें. त्यांत पैठण आणि त्याच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील तगर या दोन बाजारपेठांचा उल्लेख आहे. तेथील माल रस्ते नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशांतून गाड्यांनीं भडोच बंदरास येतो, तगराहून येतें तें मुख्यतः कापड, असें तो सांगतो. तगर म्हणजे लातूरच्या पश्चिमेचें तेर, संत गोरोबाकाकांचें गांव. रस्ते नाहींत, पण गाड्या आहेत. आणि त्या गाड्या पार समुद्रापर्यंत पोंचतात! हें कसें साधलें असेल हें समजण्यासाठीं आपल्या बैलगाडीकडे जरा निरखून पाहिलें पाहिजे.

३

जुन्या लांकडी बैलगाडीचें चाक सुमारें चार ते पांच फूट उंचीचें असे. म्हणजे आंस जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर आला. आजच्या कोणत्याही जीपगाडीचा आंस याच्या जवळपासही येत नाहीं. परंतु लक्षांत घेण्यासारखी गोष्ट पुढेंच आहे. सुतारानें ही उंची मिळविली ती आंसाच्या वर ठोकळे रचून नव्हे. गाडीचा साटा आंसाला शक्य तितका लगटून ठेवलेला असे. उंची सारी चाकाच्या घेरानें दिलेली. ओझें वर चढवावयाचें नाहीं, आंस वर न्यावयाचा, हें त्यानें ओळखलें होतें.

मोठ्या चाकाचे आणखी दोन लाभ होते. लहान चाक ज्या खड्ड्यांत पडतें त्यावरून मोठें चाक सहज निघून जातें, हा एक. दुसरा, आंसाची उंची बैलांच्या खांद्यांशीं जुळती राहिल्यामुळें ओढ सरळ लागे. नांदेडकडील लाल कंधारी व लातूरकडील देवणी या बैलांच्या नामांकित जाती याच ओढीसाठीं वाढविल्या व राखल्या गेल्या आहेत. चाक, बैल आणि माती यांचें माप एकमेकांस धरून होतें.

चाकावर धांव चढविण्याचा सोहळा ज्यांनीं लहानपणीं पाहिला असेल ते तो विसरणार नाहींत. लोहार गोवऱ्यांच्या आगींत लोखंडी धांव लाल करी. तापल्यानें ती किंचित् मोठी होई. मग ती चाकावर बसवून चोहोंकडून पाणी ओतीत. वाफेच्या लोटांत धांव आकसे, आणि तुंबा, आरे व पाटले एकमेकांत घट्ट बसत. स्प्रिंग कशाला म्हणतात हें या गाडीला ठाऊक नव्हतें. लंडनच्या ओबाडाया इलियटनें पट्ट्यांच्या लंबगोल कमानी बग्गीस बसविण्याची सनद घेतली ती १८०४ सालीं. आमच्या गाडीचा धक्का मात्र बसणाराची पाठ आणि खालीं पसरलेला कडबा हेच सोशीत. ही गाडी चालीची मंद म्हणूनच हें निभावलें. वेग वाढला कीं कमान लागते. आणि कमान आली कीं गाडी डोलूं लागते. पुढच्या सर्व प्रश्नांचें मूळ येथें आहे.

या गाडीचा दोषही सांगितला पाहिजे. तिची धांव अरुंद. त्यामुळें ती माती कापीत जाई व चाकोरी अधिक खोल करी. ज्या खोल वाटेसाठीं चाक मोठें केलें तीच वाट तें चाक आणखी खोल करीत राहिलें. हवेच्या रबरी चाकांची बैलगाडी आल्यावर हें चक्र तुटलें. आज साखर कारखान्याच्या वाटेवर उसानें लादलेली टायरगाडी पाहावी: तिचें चाक जुन्या चाकाहून कितीतरी लहान, पण रुंद. उंची कमी झाली, तरी ओझें मातीवर पसरलें. म्हणून ती माती कापीत नाहीं. म्हणजे चिखलाशीं झुंजण्याचे मार्ग एकूण दोन ठरले. एक, चाक मोठें करणें. दुसरा, भार पसरणें. ओझें उंच चढविणें हा मार्ग या प्रदेशांतील कोणाही जुन्या कारागिराच्या यादींत नाहीं.

४

तिसरा मार्ग पंचांगांत होता. दसऱ्यास सीमोल्लंघन करून मोहिमेस निघण्याची मराठ्यांची चाल आपण धर्माच्या व शौर्याच्या अंगानें वर्णन करतों; तिच्या मुळाशीं मातीचाही विचार होता. आश्विनांत पाऊस ओसरतो, नद्या उतरतात, काळी माती वाळून घट्ट होऊं लागते, आणि तोफांचे गाडे हलविणें शक्य होतें. उदगीरची प्रसिद्ध लढाई झाली ती फेब्रुवारी १७६० मध्यें, म्हणजे ऐन कोरड्या दिवसांत. सदाशिवरावभाऊंच्या विजयांत इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा वाटा मोठा होता हें सर्वश्रुत आहे. तोच तोफखाना श्रावणांत उदगीरच्या रानांत आणला असता तर तोफांच्या तोंडाची दिशा ठरविण्याआधीं त्यांचीं चाकें उपसण्यांतच दिवस गेले असते.

लमाणांनीं याहून साधा तोडगा काढला होता. त्यांनीं चाकच टाकून दिलें व धान्य आणि मीठ बैलांच्या पाठींवर घातलें. आज नांदेड-लातूरकडे जागोजाग जे तांडे दिसतात त्यांच्या पूर्वजांनीं याच रीतीनें फौजा पोसल्या. लोहा तालुक्यांत माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत जनावरांचा जो मोठा बाजार भरतो, तो पाहिला म्हणजे चाकापूर्वींच्या व चाकाबाहेरच्या त्या वाहतुकीची कल्पना अजून येते.

भार पसरण्याच्या मार्गाचें अत्यंत सुबक उदाहरण मात्र एका इंग्रज इंजिनिअरानें लातुरास आणून ठेविलें. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यानें काढलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ सालीं कुर्डुवाडीच्या बाजूनें बार्शीपर्यंत सुरू झाली व १९११ सालीं, वाटेंत तेर घेऊन, लातुरास पोंचली. ज्या तगराचें कापड गाड्यांनीं भडोचेस जात होतें, तेथूनच हा रूळ गेला. रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट. रूळ इतका हलका कीं त्याचें वजन यार्डास तीस पौंड. असल्या रुळावर जड गाड्या कशा चालवाव्या? कॅल्थ्रॉपनें नियम घातला कीं, इंजिन असो कीं डबा, कोणत्याही एका आंसावर पांच टनांहून अधिक भार पडतां कामा नये. इंजिन जड झालें तर त्यास आंस वाढवावे, पण एका आंसावरील भार वाढवूं नये. भाराची ही समान वांटणी साधल्यामुळें तो हलका रूळ पिढ्यान् पिढ्या लातूरचा कापूस व भुसार वाहत राहिला. हाच गृहस्थ पुढें वैमानिकांसाठीं हवाई छत्र्या तयार करूं लागला. तेथेंही प्रश्न भार हळुवारपणें जमिनीवर कसा टेकवावा हाच! त्याच्या अरुंद रुळांच्या जागीं आतां रुंद रूळ आले आहेत. कुर्डुवाडीहून लातुरास जातांना त्या पांच टनांची आठवण कोणास होत असेल असें वाटत नाहीं.

५

मोटार आली ती प्रथम पक्क्या रस्त्यांवर. निजाम सरकारच्या रेल्वेखात्यानें जून १९३२ मध्यें २७ मोटारींनिशीं प्रवासी वाहतूक सुरू केली. परंतु मोटारीची सत्ता खडीच्या रस्त्यापुरतीच होती. रस्ता सुटला कीं काळीचें राज्य. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सेना सोलापुराकडून हैदराबाद संस्थानांत शिरली, तेव्हां पावसाळा सरला नव्हता. पहिली महत्त्वाची गोष्ट कोणती केली, तर नळदुर्गाजवळचा बोरी नदीवरील पूल शाबूत हातीं घेतला. रस्ता आणि पूल हातचे गेले असते तर जड वाहनांस रानांतून जाणें दुष्कर होतें. चार दिवसांत, १७ सप्टेंबरास, संस्थानाची फौज शरण आली. मराठवाड्याच्या मुक्तीच्या इतिहासांत त्या पुलाची नोंद ठळक अक्षरांनीं व्हावयास हवी.

रस्त्याबाहेर जाणारी मोटार म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ पासून, अमेरिकेच्या विलीज व फोर्ड या कारखान्यांनीं ती लाखांनीं काढली. तिच्या दोन्ही आंसांस पोलादी पाट्यांच्या कमानी असत; तिचा पुढचा व मागचा आंस ८० इंचांच्या अंतरावर; आणि तिचा सर्वांत खालचा भाग जमिनीपासून पावणेनऊ इंच वर होता. महिंद्र कंपनीनें १९४७ पासून तिची जुळणी भारतांत सुरू केली. पुढें तहसीलदार, पाटबंधाऱ्याचा अभियंता, पंचायत समितीचा अधिकारी आणि डॉक्टर हे जीपमधूनच खेड्यांत पोंचले. त्यानंतर आली काळीपिवळी. तिच्यांत किती माणसें बसावींत याचा नियम कागदावर होता. प्रत्यक्षांत टपावर, मागच्या पायरीवर व चालकाच्या पलीकडच्या बाजूसही प्रवासी असत. या ओझ्यानें मागचे पाटे सरळ होत, म्हणून नांदेड-लातूरचे कारागीर त्यांत एखादा पाटा वाढवीत, किंवा जुने पाटे तापवून त्यांस पुन्हा कमान देत. आमच्या भागांत गाडी 'उचलण्याची' विद्या अशी पोटापाण्यासाठीं जन्मली. गाडी रिकामी असतां ती मागून उंच दिसे. भरली म्हणजे समतल होई. उंची दिसण्यासाठीं नव्हती, ओझें पेलण्यासाठीं होती.

आतां एक आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. याच जीपच्या वंशांतील 'थार' या गाडीची नवी आवृत्ति महिंद्रांनीं २०२० सालीं बाजारांत आणली. तिच्या सर्वांत खालच्या भागाची जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर आहे. जुन्या विलीज जीपचे पावणेनऊ इंच म्हणजे सुमारें २२२ मिलिमीटर. ऐंशीं वर्षांत फरक चार मिलिमीटरांचा! या ऐंशीं वर्षांत कमानी बदलल्या. पाट्यांच्या जागीं वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आल्या, पुढच्या चाकांस एकमेकांपासून स्वतंत्र हालचाल मिळाली. उंची मात्र जवळजवळ तेथेंच राहिली. कारखानदारांना गाडी उंच करतां येत नव्हती असें नव्हे. उंचीची किंमत कोठें द्यावी लागते हें त्यांस ठाऊक होतें.

६

ही किंमत आम्हीं एकदां डोळ्यांनीं पाहिली आहे. बरींच वर्षें झालीं. आम्ही चार सहकारी कंधाराकडील एक शिलालेख पाहावयास भाड्याच्या जीपनें निघालों होतों. जीप बरीच उंच करून घेतलेली. मालकास तिचा अभिमान होता, आणि आम्हांलाही वर बसून रान पाहण्यांत मौज वाटत होती. आदल्या रात्रीं पाऊस झाला होता. एका गाडीवाटेवर जीपचें डावें चाक खोल चाकोरींत उतरलें. बैलगाडीच्या दोन चाकांमधील अंतर आणि जीपच्या दोन चाकांमधील अंतर सारखें नसतें. त्यामुळें उजवें चाक मधल्या वरंब्यावर चढलें. जीप कलली, क्षणभर थांबली, आणि मग अगदीं सावकाश, जणूं कोणी हातानें निजवीत आहे अशी, आडवी झाली. वेग माणसाच्या चालीहून अधिक नव्हता. तरीही आमच्या एका सहकाऱ्याच्या खांद्याचें हाड मोडलें, आणि तो खांदा पुढें कधींच पूर्ववत् झाला नाहीं. शेजारच्या शेतांतील गृहस्थांनीं लाल कंधारी बैलांची जोडी आणून जीप ओढून उभी केली. त्यांची गाडी त्याच चाकोरींत, भरल्या ओझ्यानिशीं, सरळ उभी होती.

यांतील गणित शाळेंतल्या मुलालाही समजेल. दोन चाकांमधील अंतराचा अर्धा भाग आणि गाडीच्या गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची यांचें प्रमाण गाडी कोठवर कलली असतां उलटेल हें ठरवितें. समजा, हा अर्धा भाग ३० इंच व गुरुत्वमध्यही ३० इंचांवर आहे. प्रमाण एकास एक. गुरुत्वमध्य दोन इंच वर गेला तर तोलाची ही शिल्लक सुमारें सहा टक्क्यांनीं घटते. चार इंच गेला तर सुमारें बारा टक्क्यांनीं. प्रत्यक्षांत कमानींवरील गाडी कलतांना आणखी झुकते, म्हणून शिल्लक याहूनही कमी. त्यांत टपावर जाळी बसवून वर सामान बांधलें, म्हणजे प्रवासी गाडीची नेहमींची स्थिति सिद्ध झाली.

या खर्चाच्या बदल्यांत मिळतें काय, हें आतां पाहूं. ज्या गाडीचा आंस अखंड आहे, तिच्यांत कमान उंच केल्यानें वरचा सांगाडा उंच होतो. आंस आणि त्याच्या मध्यावर लोंबणारा डिफरन्शियलचा गोळा तेथेंच राहतो. चाकोरीच्या मधल्या वरंब्यावर आधीं टेकतो तो हाच गोळा. तो वर न्यावयाचा तर चाकच मोठें केलें पाहिजे. चाक दोन इंचांनीं वाढलें तर आंस एक इंच वर जातो. जुन्या सुताराचें शास्त्र येथें अक्षरशः खरें ठरतें. पुढचीं चाकें स्वतंत्र असलेल्या गाडींत पुढचा गोळा सांगाड्याबरोबर वर जातो हें खरें, पण मग चाकांकडे जाणारे दांडे तिरपे होऊन त्यांचे सांधे लवकर झिजतात.

याचा अर्थ कमान उंच करणें निरर्थक आहे असा नव्हे. सांगाडा वर गेल्यानें चढाच्या पायथ्याशीं नाक आपटत नाहीं, उंच बांधावर पोट घासत नाहीं, आणि चाक व पत्रा यांच्यामध्यें चिखलास जागा मिळते. काळ्या मातींत हा शेवटचा लाभ लहान नाहीं. प्रश्न प्रमाणाचा व रीतीचा आहे.

रीती चार. सांगाडा आणि टप यांच्यामध्यें ठोकळे घालून केवळ टप उचलणें, ही पहिली. हिनें खालचा एकही भाग वर जात नाहीं. स्प्रिंगच्या डोक्यावर कडें बसविणें, ही दुसरी. स्वस्त खरी, पण चाकास खड्ड्यांत उतरण्यास जी मोकळीक हवी ती हिनें कमी होते, आणि चाक अधांतरीं राहिलें म्हणजे चारही चाकांच्या जोराचा उपयोग उरत नाहीं. तिसरी पाट्यांची: पाटा वाढविणें, लांब कड्या लावणें, अथवा विलीजच्या घडणींत आंसाखालीं असलेले पाटे आंसावर नेणें. या शेवटच्या युक्तीनें उंची पुष्कळ येते, पण त्याबरोबर सुकाणूची व दांड्यांची सारी मापें पुन्हा जुळवावीं लागतात. चौथी रीत म्हणजे आपल्या नेहमींच्या ओझ्यास योग्य अशा ताकदीच्या नव्या स्प्रिंगा आणि त्यांस जुळणारे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर बसविणें. ही महाग आहे, पण खऱ्या अर्थानें हीच निवड. बाकीच्या तडजोडी होत. कोणतीही रीत घेतली तरी ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहींत ना, चाकें सरळ धांवतात ना, आणि पुढचे दिवे समोरून येणाराच्या डोळ्यांवर तर जात नाहींत ना, हें पाहणें अवश्य आहे.

कायद्याचीही बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीच्या दाखल्यांतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून निराळा होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंही जानेवारी २०१९ मध्यें हें स्पष्ट केलें आहे. म्हणून परिवहन कार्यालयांत विचारल्यावांचून व विमा कंपनीस कळविल्यावांचून कोणीही पाना हातीं घेऊं नये.

७

हें सारें आम्हीं त्या मित्रांस सविस्तर पत्रानें कळविलें, आणि शेवटीं एक साधा प्रयोग सुचविला. गाडी रिकामी असतां चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचें अंतर मोजावें. मग प्रवासास निघतांना असेल तसें सर्व भरावें: तेल, पाणी, बिछाने, शिधा आणि घरचीं माणसें. पुन्हा मोजावें. गाडी जेवढी बसली असेल तेवढी तिची खरी गरज. ती तूट भरून निघेल अशा स्प्रिंगा निवडाव्या. त्याहून वर जावयाचें तर थोडेंच. टपावर जड सामान ठेवूं नये. टायर कारखान्यानें ठरविलेल्या मापाचेच, पण चिखलाच्या ठशाचे घ्यावे. आणि काळ्या रानांत शिरावयाचें तें दसऱ्यानंतर.

त्यांनीं तसें मोजलें. भरलेली गाडी मागच्या बाजूस दीड इंच बसत होती. पण खरा निकाल दिला तो त्यांच्या मातुःश्रींनीं. मोजमापासाठीं त्यांना गाडींत बसविलें, तेव्हां आहे त्याच उंचीवर चढतांना त्यांना मुलाच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. वर बसल्यावर त्या एवढेंच म्हणाल्या, "अरे, ही अजून उंच करणार आहेस म्हणतात. मग मला घरींच ठेवून जाणार आहेस का?" चार इंचांच्या पक्षानें सगळीं मापें घेतलीं होतीं, या सत्तरी ओलांडलेल्या गुडघ्यांचें माप कोणींच घेतलें नव्हतें.

रीतसर विचारपूस करून त्यांनीं मागील स्प्रिंगा बदलून घेतल्या. भरलेली गाडी आतां कारखान्यांतून आली त्या उंचीस उभी राहते, अधिक नाहीं. दारापाशीं एक लहान पायरी बसविली आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं मंडळी लातुराहून निघालीं व वाटेंत नांदेडास आमच्याकडे जेवून माहूरच्या रस्त्यास लागलीं. मातुःश्री पुढच्या बाजूस बसल्या होत्या. आम्हीं निरोप देतांना सहज चाकांकडे पाहिलें. तीं धुळीनें पांढरीं झालीं होतीं, म्हणजे पुढची काळी वाट वाळली असणार.